एरोजेलचा धागा कसा बनवायचा: डोपपासून कापड धुऊन बघेपर्यंत

एरोजेलच्या धाग्यात कामाची वस्तू एकच, त्यातली पोकळी. पदार्थ नावापुरता असतो, शंभरातले नव्वद-पंच्याण्णव भाग हवाच, आणि ती हवा इतक्या बारीक कप्प्यांत कोंडलेली असते की तिला हलायला जागाच नाही. त्यामुळे डोप (ज्यातून धागा काढतात ते पॉलिमरचं द्रावण) बनवताना, धागा काढताना, वाळवताना, कोटिंग देताना, प्रत्येक पायरीला स्वतःला एकच प्रश्न विचारायचा की यात माझी छिद्रं वाचतायत का. हे मी इतकं ठासून सांगतेय कारण धागा निघाला, बॉबिनवर नीट गुंडाळला गेला, हाताला हलका लागला की आपण खूश होतो, आणि मग महिनाभराने मोजमाप केल्यावर कळतं की हा साधाच धागा आहे, आतली छिद्रं वाळवतानाच मिटलीयत.

आधी हे चालतं कसं ते थोडक्यात बघू. स्थिर हवेची उष्णता वाहकता साधारण ०.०२६ वॅट प्रति मीटर केल्विन. हवेचा एक रेणू दुसऱ्यावर आदळायच्या आधी सरासरी ७० नॅनोमीटरच्या आसपास प्रवास करतो. आता छिद्रच त्यापेक्षा लहान असेल तर रेणू एकमेकांवर आदळायच्या ऐवजी भिंतीवरच आपटत राहतात आणि उष्णता पुढे द्यायचं काम मंदावतं, म्हणूनच चांगलं सिलिका एरोजेल ०.०१५ च्या आसपास जातं, म्हणजे स्थिर हवेपेक्षाही खाली. सॅम्युएल किस्लरने १९३१ साली पहिल्यांदा हे करून दाखवलं, जेलमधला द्रव काढून घ्यायचा, त्या जागी हवा येऊ द्यायची आणि सांगाड्याला आकसू द्यायचं नाही. किस्लरची सिलिका मात्र ठिसूळ, ती वाकवली की तुटते, त्यामुळे विणायचा धागा हवा असेल तर पॉलिमरच्या नॅनोतंतूंचा सांगाडा घ्यावा लागतो. अरामिड, सेल्युलोज, कायटोसान, पॉलिइमाइड ही त्यातली नेहमीची नावं.

आणि "तापमान सांभाळणारं कापड" म्हणजे तुम्हाला नक्की काय पाहिजे हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. उष्णता अडवायची आहे, की थोडी साठवून हळूहळू सोडायची आहे, की बॅटरी लावून गरम करायचंय? तिन्ही एकाच धाग्यात कोंबायला गेलात तर ती एकमेकांची जागा खातात, हे कसं ते पुढे आकड्यांत दाखवते.

कच्चा माल कोणता घ्यायचा

अगदी पहिल्यांदा करत असाल तर सोडियम अल्जिनेट घ्या. पाण्यात २ ते ३ टक्के विरघळवा, रात्रभर ठेवून बुडबुडे जाऊ द्या, सिरिंजमध्ये भरा आणि कॅल्शियम क्लोराइडच्या २ ते ५ टक्के द्रावणात सोडा, धागा तिथल्या तिथे बनतो. विषारी काही नाही, महाग काही नाही. याचा वाळलेला धागा कमजोर असतो आणि हवेतला ओलावा खेचतो, त्यामुळे कापडासाठी त्याचा उपयोग नाही, पण सुई किती खोल बुडवायची, गुंडाळायचा वेग किती ठेवायचा, वाळवताना काय बिघडतं हे सगळं त्यावर शिकून होतं. शंभर मीटर अल्जिनेट वाया घालवा, खुशाल घालवा, हात बसतो.

खऱ्या कामासाठी मला अरामिड सगळ्यात भरवशाचं वाटतं. केव्हलारचं (हे अरामिडच) सूत डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड, एक द्रावक) आणि केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइड, तीव्र अल्कली) टाकलं की त्याचे तंतू सुटे होत होत काही नॅनोमीटर जाडीचे होतात आणि गर्द लाल, दाट द्रावण तयार होतं. १०० मिली डीएमएसओला २ ग्रॅम सूत आणि ३ ग्रॅम केओएच हे चालणारं प्रमाण आहे. सूत आधी अ‍ॅसिटोन आणि अल्कोहोलमध्ये धुऊन वाळवून घ्या, कारण त्यावर कारखान्यातलं फिनिश लागलेलं असतं. नुसतं ढवळत ठेवलं तर साधारण आठवडा लागतो, अगदी थोडंसं पाणी मोजून घातलं तर काही तासांतही होतं, पण पाण्याची मात्रा चुकली तर त्याच पाण्याने तंतू परत एकत्र येऊन बाटलीतच जेल बसतं, म्हणून सुरुवातीला आठवडावालाच रस्ता धरा. बाटलीचं झाकण घट्ट पाहिजे, डीएमएसओ हवेतलं पाणी ओढून घेतो. अजून एक, डीएमएसओ १८.५ अंशालाच गोठतो, तेव्हा थंड खोलीत सकाळी डोप घट्ट झालेला दिसला तर घाबरून फेकून देऊ नका, कोमट करा आणि परत ढवळा.

सेल्युलोज हवं असेल तर ७ टक्के सोडियम हायड्रॉक्साइड आणि १२ टक्के युरिया असलेलं पाणी उणे १२ अंशापर्यंत थंड करायचं आणि त्यात सेल्युलोज टाकून जोरात ढवळायचं, विरघळतं. कायटोसानला पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड पुरतं. दोन्हींचे धागे मऊ येतात पण पाणी पितात, त्याचा इलाज नंतर करावा लागतो.

सुरक्षेबद्दल इथेच सांगते, शेवटी सांगितलं तर कोणी वाचत नाही. डीएमएसओ कातडीतून आत जातो आणि त्यात विरघळलेलं जे काही असेल ते बरोबर घेऊन जातो, आणि इथे बरोबर केओएच आहे, तेव्हा दोन-दोन हातमोजे घाला, शिंतोडा उडाला की लगेच बदला, डोळ्यांना गॉगल पाहिजेच पाहिजे. द्रव नायट्रोजन वापरणार असाल तर खोली हवेशीर हवी, आणि तो झाकणबंद भांड्यात कधीच ठेवायचा नाही. पुढे वाळवायला लागणारं सुपरक्रिटिकल यंत्र हे उच्च दाबाचं भांडं आहे, शिकवणारं माणूस शेजारी असल्याशिवाय त्याला हात लावू नका.

धागा काढणं

सामान फार नाही. सिरिंज पंप, बोथट टोकाची सुई, लांबट ट्रे आणि सावकाश फिरणारी बॉबिन. २१ नंबरच्या सुईचं आतलं भोक साधारण अर्ध्या मिलिमीटरचं असतं. मिनिटाला ०.२ मिली डोप सोडलात तर हिशोबाने मिनिटाला साधारण एक मीटर धागा बाहेर येतो, बॉबिनचा वेगही तेवढाच, किंवा किंचित जास्त ठेवायचा म्हणजे धागा सरळ राहतो आणि तंतू जरा लांबीच्या दिशेने लागतात, त्याने ताकद वाढते. फार ओढलंत तर धागा बारीक होऊन तुटतो, ढिलं सोडलंत तर ट्रेमध्ये वेटोळी होतात आणि ती एकमेकांना चिकटतात.

सुईतून डोप ज्या द्रवात सोडतो तो बाथ, अरामिडसाठी तो पाण्याचा. पाणी लागलं की लाल रंग जातो, फिकट पिवळसर धागा दिसायला लागतो, म्हणजे तंतू परत एकमेकांना धरायला लागले. नुसत्या पाण्यात हे इतकं पटकन होतं की बाहेरची साल आधी घट्ट होते आणि आतला डीएमएसओ अडकून पडतो, मग आत मोठमोठ्या पोकळ्या तयार होतात, सूक्ष्मदर्शकाखाली बोटासारख्या लांबट दिसतात त्या. या पोकळ्या आपल्याला नको आहेत, त्या मायक्रोमीटरच्या असतात आणि तिथून धागा तुटतो. पाण्यात थोडं अल्कोहोल मिसळलं की सगळं जरा सावकाश होतं आणि आतबाहेर सारखं जेल बसतं. प्रमाण तुमच्या डोपच्या घट्टपणावर अवलंबून आहे, तेव्हा तीन-चार बाथ करून आडवा छेद बघा, यात आळस करू नका, या एका दिवसाच्या कामावर पुढचे आठवडे अवलंबून असतात.

धागा निघाल्यावर तो निदान दिवसभर स्वच्छ पाण्यात ठेवायचा आणि पाणी बदलत राहायचं, डीएमएसओ आणि केओएच पूर्ण निघून जाईपर्यंत. पीएच पट्टी लावून बघा, साध्या पाण्यासारखी आली की थांबा. आणि ओला धागा बॉबिनवर ताठ गुंडाळलेला असेल तर आत्ताच सैल करा, कारण वाळताना तो लांबीतही आकसतो आणि ताठ गुंडाळलेला असला की ठिकठिकाणी तटातट तुटतो. माझ्या हातून हे एकदा झालंय, अख्खी बॉबिन गेली, तेव्हापासून ओला धागा सैल वेटोळ्यातच ठेवते.

दुसरी पद्धत फ्रीझ स्पिनिंगची. यात डोप एका खूप थंड केलेल्या तांब्याच्या कड्यातून जातो, पाण्याचे बर्फाचे स्फटिक लांबीच्या दिशेने वाढतात आणि पॉलिमरला बाजूला ढकलत जातात, नंतर बर्फ उडवून लावला की लांबट कप्प्यांचा धागा उरतो. चीनमधल्या झेजियांग विद्यापीठाच्या गटाने २०२३ मध्ये सायन्स या नियतकालिकात छापलेलं काम याच पद्धतीचं, कायटोसानचा सच्छिद्र गाभा आणि वर टीपीयूचं (थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन) लवचिक आवरण, कल्पना ध्रुवीय अस्वलाच्या केसावरून घेतलेली, आत पोकळ्या आणि बाहेर घट्ट साल. तो धागा मूळ लांबीच्या वर १००० टक्क्यांपर्यंत ताणला जात होता आणि त्याचा विणलेला स्वेटर पिसांच्या जॅकेटच्या पाचव्या हिश्श्याएवढा जाड असून ऊब तेवढीच देत होता. या पद्धतीतली छिद्रं मोठी असतात, मायक्रोमीटरमध्ये, त्यामुळे ७० नॅनोमीटरचा फायदा मिळत नाही, पण धागा लांब, अखंड आणि मजबूत निघतो, आणि विणायला शेवटी तेच लागतं. मला विचाराल तर कपड्यासाठी हा सौदा चांगला आहे. अतिशय पातळ थरात जास्तीत जास्त रोध हवा असेल तेव्हाच नॅनोछिद्रांच्या मागे लागा.

वाळवणं, इथेच सगळं जिंकतं किंवा हरतं

ओला धागा उघड्यावर वाळत टाकला तर काय होतं? छिद्रातलं पाणी मागे सरकताना भिंतींना आत ओढतं. किती जोरात, तर १० नॅनोमीटर त्रिज्येच्या छिद्रात पाण्याचा पृष्ठताण धरला तर दाब निघतो साधारण १४ मेगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या १४० पटीच्या वर. दोन-चार टक्के पॉलिमरचा सांगाडा याच्यापुढे काय टिकणार, चपटा होतो. पाण्याच्या जागी अल्कोहोल असलं तर हा दाब तिसऱ्या हिश्श्यावर येतो, तरी तो ४ मेगापास्कलच्या वरच राहतो, म्हणून अल्कोहोल भरून उघड्यावर वाळवणं हा स्वस्तातला मार्ग मोहात पाडतो खरा पण मऊ सांगाड्याला बहुतेक वेळा पुरत नाही.

मग दोन रस्ते उरतात. पहिला सुपरक्रिटिकल सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा. कार्बन डायऑक्साइड ३१ अंश आणि ७३.८ बारच्या वर गेला की द्रव आणि वायू हा फरकच राहत नाही, पृष्ठताण शून्य, भिंतींना ओढणारं कोणी नाही. यासाठी आधी छिद्रातलं पाणी पूर्णपणे अल्कोहोलने बदलावं लागतं, कारण सीओटूमध्ये पाणी जवळपास विरघळत नाही. एकदम शुद्ध अल्कोहोलमध्ये टाकलं तर धागा दचकल्यासारखा आकसतो, तेव्हा २५, ५०, ७५ असं टक्क्याटक्क्याने चढवत न्या, प्रत्येक टप्प्याला काही तास द्या, आणि शेवटी शुद्ध अल्कोहोल निदान तीनदा बदला. या शेवटच्या तीन बदलांना कंटाळा केला की धाग्यावर मध्येमध्ये काचेसारखे चमकणारे, कडक डाग दिसतात. डाग दिसला म्हणजे तिथं पाणी राहिलं होतं. यंत्रात ४० ते ४५ अंश आणि १०० बारच्या आसपास ठेवून अल्कोहोल धुऊन काढायचं, आणि दाब सोडताना तापमान ३१ च्या वरच ठेवून अगदी सावकाश सोडायचा. घाईत दाब सोडला की भांडं थंड पडतं, आत द्रव सीओटू तयार होतो आणि इतका वेळ ज्या मेनिस्कसला (भिंतींना ओढणारा द्रवाचा वक्र पृष्ठभाग) टाळलं तोच परत येतो.

दुसरा रस्ता फ्रीझ ड्रायिंगचा, म्हणजे धागा गोठवून बर्फ थेट वाफ करून काढायचा. यंत्र स्वस्त आणि बऱ्याच ठिकाणी असतं. यात त्रास बर्फाच्या स्फटिकांचा, ते वाढताना नॅनोछिद्रं फाडून स्वतःएवढी मोठी करतात. त्यावर चांगला उपाय म्हणजे पाण्यात टर्ट-ब्युटॅनॉल मिसळणं, साधारण पाव भाग वजनाने, याने स्फटिक खूप बारीक राहतात. आणि गोठवणं पटकन व्हायला पाहिजे, द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून, फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवून नाही. गोठलेला धागा ड्रायरपर्यंत नेताना वितळू देऊ नका, ट्रे आधीच थंड करून ठेवा. एक मिनिटभर पृष्ठभाग ओला झाला तरी बाहेरची साल मिटते.

वाळल्यावर लगेच एक चाचणी करा, तिला यंत्र लागत नाही. डोप २ टक्क्यांचा होता म्हणजे प्रत्येक घन सेंटीमीटरमध्ये ०.०२ ग्रॅम पदार्थ. अजिबात आकसला नाही तर धाग्याची घनता तेवढीच यायला हवी. आता समजा ओला धागा ०.५ मिमी होता आणि वाळून ०.३ मिमी झाला, लांबी तेवढीच राहिली, तर घनता झाली साधारण ०.०५६. अरामिड स्वतः १.४४, म्हणजे सच्छिद्रता ९६ टक्के, उत्तम काम झालंय. एक मीटर कापून वजन केलंत तर ते ४ मिलिग्रॅमच्या आसपास भरेल, सूत मोजायच्या भाषेत ४ टेक्स (हजार मीटरला ४ ग्रॅम). हाच धागा वाळून ०.१ मिमी झाला असता तर घनता ०.५ पर्यंत गेली असती, तो फेकून द्या, पुढच्या पायरीवर वेळ घालवू नका. प्रत्येक बॅचचा ओला व्यास, वाळलेला व्यास आणि मीटरचं वजन हे तीन आकडे लिहून ठेवायची सवय लावा, एसईएमचा (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) नंबर लागेपर्यंत याच आकड्यांवर काम चालतं.

पाण्यापासून वाचवणं आणि आवरण

पाण्याची उष्णता वाहकता ०.६, हवेच्या वीसपटीहून जास्त. घाम किंवा दमट हवा आत शिरली की ऊब संपली, वर ते पाणी वाळताना परत तोच भिंतींना आत ओढणारा दाब, म्हणजे दुहेरी नुकसान. तेव्हा पाणी झटकणारा थर लागतोच. सगळ्यात सोपं म्हणजे वाळलेला धागा एका बंद डब्यात मिथाइलट्रायमेथॉक्सीसिलेनच्या वाफेत कोमट तापमानाला काही तास ठेवणं, बरोबर वाटीभर पाणी ठेवायचं म्हणजे प्रक्रिया नीट होते. वाफ छिद्रात जाते, भिंतींवर पातळ थर बसतो आणि छिद्रं मोकळीच राहतात. फ्यूमहूडमध्येच (वाफा बाहेर ओढणारं कपाट) करा. नंतर पाण्याचा थेंब टाकून बघायचा, गोल राहून घरंगळला की झालं.

आवरण देताना मात्र हात राखून. टीपीयूच्या पातळ द्रावणात धागा बुडवला की ते द्रावण सरळ आत शोषलं जातं, छिद्रं भरतात, आणि तुमचं सगळं वाळवणं पाण्यात गेलं असं समजा. द्रावण घट्ट हवं, धागा त्यातून पटकन जायला हवा आणि लगेच गरम हवेत. त्याहून चांगलं म्हणजे कोअ‍ॅक्सिअल सुई, एका सुईत दुसरी, आतून गाभ्याचा डोप आणि बाहेरून आवरणाचा, दोन्ही एकत्रच बाहेर येतात. आवरणाची जाडी वाढली की मजबुती येते पण घन पदार्थातून उष्णता पळायला रस्ताही मिळतो, म्हणून विणताना तुटणार नाही इतपतच जाड ठेवायचं.

साठवण, आता तो हिशोब

फेज चेंज मटेरियल म्हणजे वितळताना उष्णता पिणारं आणि गोठताना परत देणारं मेण. ऑक्टाडेकेन २८ अंशाला वितळतं, ग्रॅममागे साधारण २४० जूल घेतं, कातडीचं तापमान ३३ च्या आसपास असतं त्यामुळे कपड्याच्या आतल्या बाजूला हे बरोबर बसतं. भरायला सोपं आहे, मेण वितळवून धागा त्यात बुडवायचा, व्हॅक्यूम लावायचा, हवा निघते आणि मेण आत जातं. इथे सांगाडा मिटत नाही, कारण छिद्रातून द्रव वाळून निघून जात नाही, तो आतच राहतो. वरचं मेण टिपून घ्या, मग धागा फिल्टर पेपरवर ठेवून ५० अंशाला रात्रभर ठेवा, कागदावर तेलकट डाग पडला किंवा वजन घटलं तर गळती आहे.

आता बघा. आपला ०.३ मिमी धागा, मीटरला ४ मिलिग्रॅम. पूर्ण भरला की त्यात साधारण ५४ मिलिग्रॅम मेण जातं, म्हणजे वजन चौदापट. मीटरला साठवण १३ जूल. असे ५००० मीटर धागे शेजारी शेजारी लावले तर दीड चौरस मीटरचा एक थर होतो, अंगभर कपड्याएवढा समजू, त्यात मेण २७० ग्रॅम आणि साठवण ६५ किलोजूल. बसलेल्या माणसाचं शरीर साधारण १०० वॅट उष्णता टाकतं. ६५००० भागिले १००, अकरा मिनिटंसुद्धा पूर्ण होत नाहीत. आणि या अकरा मिनिटांसाठी आपण सगळी हवा काढून तिथं मेण बसवलं, म्हणजे तो धागा आता उष्णता अडवणारा राहिलाच नाही.

म्हणून मेणाचं काम धक्का सोसण्याचं आहे असं धरून चाला. गरम खोलीतून थंडीत पाऊल टाकलं, किंवा जिना धावत चढलो, त्या पहिल्या काही मिनिटांत अंगाला एकदम गार किंवा एकदम उकडू द्यायचं नाही, तेवढंच. तासभराची ऊब त्याच्याकडून मागू नका. आणि दोन वेगळे धागे करा, मेण भरलेला कातडीच्या बाजूला, रिकामा एरोजेलचा बाहेरच्या बाजूला, दुहेरी विणीत हे सहज बसतं. आतला साठवतो, बाहेरचा अडवतो, कोणी कोणाची जागा खात नाही. मेण जळणारं आहे हेही लक्षात असू द्या, आगीजवळच्या कामाच्या कपड्यात ते नको.

विजेने गरम करायचं असेल तरी हाच नियम. चांदीच्या नॅनोतारा, कार्बन नॅनोट्यूब किंवा मेक्सीन (धातूच्या कार्बाइडचे अतिपातळ पापुद्रे) यांचा वाहक थर आवरणावर द्या, छिद्रात भरू नका, आणि हा धागा अंगाकडे, त्याच्या मागे रिकामा एरोजेल. ५ व्होल्टला १० ओहम असलं तर अडीच वॅट मिळतात, आणि पाठीमागे चांगला रोधक असला की एवढ्याशा विजेतही चांगला फरक जाणवतो, कारण उष्णता बाहेर पळत नाही. विजेचा रोध मोजताना धागा वाकवून, ताणून, सोडून परत मोजा.

विणणं आणि मोजणं

सुटा धागा विणायच्या आधी दोन-तीन एकत्र घेऊन हलका पीळ द्या. जोरात पीळ दिलात तर धागे एकमेकांना दाबतात आणि छिद्रं चेपतात. मागावर ताण्यात आपला धागा घालू नका, ताण्यावर सारखा ताण असतो, ताणा साध्या मजबूत सुताचा ठेवा आणि बाण्यात एरोजेल. नीटिंगमध्ये सुईचा हूक धाग्याला अगदी लहान वळणावर वाकवतो, आवरण नसलेला धागा तिथेच तुटतो. आणि वेळेचं गणित विसरू नका, एका सुईतून मिनिटाला एक मीटर या वेगाने ५००० मीटरला ८३ तास लागतात, त्यामुळे नमुना पसंत पडला की अनेक भोकांच्या स्पिनरेटकडे वळावंच लागतं.

मोजताना सगळ्यात जास्त फसवणूक थर्मल कॅमेऱ्याच्या फोटोने होते. गरम प्लेटवर कापड ठेवलं, वरून निळं दिसलं, म्हणजे रोध जबरदस्त, असं नसतं. वरचा पृष्ठभाग किती किरण सोडतो त्यावर रंग ठरतो, चांदीचा थर असलेलं कापड गरम असूनही थंड दिसतं. जाडीही पाहिजे, पातळ आणि जाड नमुन्याची तुलना करून काही कळत नाही. शेजारी तेवढ्याच जाडीचं सुती आणि लोकरीचं कापड ठेवा, स्थिर व्हायला वीस-तीस मिनिटं द्या, आणि खरा आकडा हॉट डिस्कने किंवा गार्डेड हॉटप्लेटने काढा. कपड्यांसाठी आयएसओ ११०९२ नावाची घाम सोडणाऱ्या हॉटप्लेटची चाचणी आहे, तिच्यात उष्णतेचा रोध आणि वाफ जाऊ द्यायची क्षमता दोन्ही कळतात. वाफ अडली तर माणूस आतून ओला होतो आणि मग कुठलंही एरोजेल उपयोगाचं नाही.

किती जाड कापड लागेल तेही काढून ठेवा. कपड्यांचा रोध क्लो या मापात मोजतात, १ क्लो म्हणजे ०.१५५ चौरस मीटर केल्विन प्रति वॅट, साधारण पूर्ण सुटाएवढा. तुमच्या कापडाची वाहकता विणीतल्या फटी धरून ०.०३ आली, तर १ क्लोसाठी साडेचार मिमीच्या वर जाडी लागते. कागदाएवढ्या पातळ कापडात हिवाळा काढता येईल असं कोणी म्हणालं तर हा गुणाकार करून बघा.

शेवटी धुणं, आणि हे मी कधीच टाळत नाही. विणलेला तुकडा घ्या, वजन, जाडी, रोध मोजा, घरगुती धुलाईच्या आयएसओ ६३३० पद्धतीने पाच वेळा धुवा, दर वेळी पूर्ण वाळू द्या आणि परत मोजा. जाडी कमी झाली आणि वजन तेवढंच राहिलं तर छिद्रं दबतायत, आवरण जाड करा किंवा पीळ कमी करा. वजन वाढलं तर पाणी किंवा साबण आत राहतोय, सिलेनचा थर परत द्या. वजन घटलं तर मेण गळतंय किंवा धागा झिजून भुसा पडतोय, धुतलेलं पाणी काळ्या कापडातून गाळून बघा, पिवळसर भुसा दिसला की आवरण कुठेतरी फाटलंय, तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन ती जागा शोधा, बहुतेक वेळा ती विणीच्या वळणावरच सापडते.